बेचाळीस रुपयांची फेरी

"काकाजी, टीव्ही बंद करा ना जी, श्वास मोजून राहिली मी."

घर चिडीचूप. पुतणी पहिल्या बाळंतपणाला भंडारा जिल्ह्यात अड्याळला आली आहे, बाळ सात दिवसांचं. आशाताईंनी साबणाने हात धुतले, दुपटं बाजूला केलं आणि घड्याळ लावून मिनिटभर बाळाचं पोट वर-खाली होताना पाहिलं. साठ किंवा त्याहून जास्त भरले तर दवाखाना. अठ्ठेचाळीस भरले. मग काखेत थर्मामीटर, झोळीच्या काट्यावर वजन. उशाशी ठेवलेल्या घुटीकडे ताईंनी नुसतं पाहिलं. आईने ती गुपचूप कपाटात ठेवली.

दवाखान्यात बाळंतपण झालं तर तिसऱ्यापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत अशा सहा फेऱ्या. २०११ मध्ये केंद्राने हे काम गावोगावच्या आशा कार्यकर्तींकडे दिलं तेव्हा सहांचे मिळून २५० रुपये ठरवले. म्हणजे फेरीला बेचाळीसही नाहीत. वर अट, की बेचाळिसाव्या दिवशी आई-बाळ सुखरूप हवेत. जिथे जास्त धावपळ झाली, नेमके त्याच घरचे पैसे अडकायचे! अट लिहिणारा कधी बाळंतिणीच्या खोलीत गेला होता की नाही, कोण जाणे.

घरी जाऊन बाळ तपासायची ही पद्धत वैनगंगेच्या खालच्या अंगाची, गडचिरोलीची. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत गावातल्याच बायकांना शिकवलं. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यू, तुलनेच्या गावांचा हिशेब धरून, ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ च्या 'लॅन्सेट'मध्ये खर्चही छापला आहे: बाळामागे ५.३ डॉलर, आणि अठरा बाळांमागे एक जीव वाचला. मी विजेच्या बिलाच्या पाठीमागे गुणाकार केला. पंच्याण्णव डॉलर, प्रयोगाच्या काळातल्या भावाने साडेतीन हजार रुपयांच्या आसपास.

अशाच घरभेटींसाठी अमेरिकेत डेव्हिड ओल्ड्स यांनी १९७७ पासून एल्मायरा गावी पहिलटकरणींच्या घरी नर्स पाठवल्या, आणि त्यांची मुलं पंधरा वर्षांची होईस्तोवर खबर ठेवली. म्हणून 'रँड' संस्थेला २००५ मध्ये सांगता आलं, की जोखमीच्या घरांत डॉलरमागे ५.७० डॉलर परत आले. आपल्याकडे भरती झालेल्या बाळाच्या डिझेलची, ऑक्सिजनची नोंद होते. जे बाळ भंडाऱ्याच्या दवाखान्यात न्यावंच लागलं नाही, त्याची पावती कोण फाडणार?

ताईंनी फॉर्म भरला. चहा नको म्हणाल्या. त्यांच्या धानाचे पऱ्हे उपटून ठेवले होते आणि बांधीतलं पाणी ओसरत होतं.