शेजारी राहायला आलेली माणसं

नागपाडा म्हटलं की मुंबईकराला कामाठीपुऱ्याची हद्द आठवते, फार तर बास्केटबॉल. भारतातलं समाजकार्याचं पहिलं विद्यालय याच वस्तीत सुरू झालं, हे फारसं कुणाच्या ध्यानात नसतं.

अमेरिकन मराठी मिशनचे क्लिफर्ड मॅनशार्ट यांनी १९२० च्या दशकात इथे 'नागपाडा नेबरहूड हाउस' उघडलं. मुसलमान, ज्यू, हिंदू, ख्रिस्ती अशा सगळ्यांचा दाटीवाटीचा शेजार. त्यात दवाखाना, वाचनालय, खेळ, व्याख्यानं. सेवा म्हणजे धर्मांतराचा गळ नव्हे, ही मॅनशार्ट यांची ठाम भूमिका होती. मिशनरी म्हटला की आजही आपल्याकडे भुवया उंचावतात. त्या भुवयांना नागपाड्याचा हा इतिहास ठाऊक असायला हरकत नाही.

नेबरहूड हाउसची कल्पना लंडनची. १८८४ मध्ये व्हाइटचॅपलच्या गरीब वस्तीत पाद्री सॅम्युअल बार्नेट आणि त्यांची पत्नी हेन्रिएटा यांनी टॉयन्बी हॉल सुरू केला. ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या तरुणांनी गरिबांना दान पाठवण्यापेक्षा त्यांच्या शेजारी बिऱ्हाड करावं, एवढीच अट. विल्यम बेव्हरिज आणि क्लेमंट अ‍ॅटली दोघेही तिथे राहून गेले. ब्रिटनच्या कल्याणकारी राज्याचा आराखडा पुढे पहिल्याने मांडला, दुसऱ्याने पंतप्रधान म्हणून तो अमलात आणला. टॉयन्बी हॉल पाहून आलेल्या जेन अ‍ॅडम्स यांनी १८८९ मध्ये शिकागोत हल हाउस काढलं. मॅनशार्ट शिकले तेही शिकागोतच.

या परंपरेत एक खोट होतीच. सुशिक्षितांनी खालच्यांना वर काढायचं, हा तोरा. तो उतरवला जॉन पर्किन्स या कृष्णवर्णीय अमेरिकन धर्मोपदेशकाने. मिसिसिपीत पोलिसाच्या गोळीने भाऊ गेला, तेव्हा ते कॅलिफोर्नियाला निघून गेले. १९६० मध्ये मात्र त्याच मिसिसिपीत परतले. त्यांच्या चळवळीने वस्तीत काम करणाऱ्यांचे तीन प्रकार मानले: बाहेरून राहायला आलेले, शिकून परत आलेले आणि कधीच न गेलेले. आपल्याकडे दुसऱ्या प्रकाराचा दुष्काळ आहे. झोपडपट्टीतलं हुशार पोर इंजिनिअर झालं की त्याने तिथून सुटावं, हेच आपण यश मानतो. त्याला दोष कसा द्यायचा? पण ते गेल्यावर वस्तीला उरतात ते तीन वर्षांच्या मुदतीचे प्रकल्प आणि फलकाशेजारी काढलेले फोटो.

१९३६ मध्ये मॅनशार्ट यांच्याच पुढाकाराने, टाटा ट्रस्टच्या पैशावर, नागपाड्याच्या नेबरहूड हाउसच्या इमारतीत समाजकार्याचं ते पहिलं विद्यालय उघडलं. तीच आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था. १९५४ मध्ये ती देवनारला गेली. आता गोवंडी-मानखुर्दच्या वस्त्या तिच्या हाकेच्या अंतरावर आहेत. विद्यार्थी ठरल्या दिवशी तिथे क्षेत्रकार्याला जातात आणि संध्याकाळी वसतिगृहावर परततात.