लाल आकडा बंद करा!

रात्री साडेअकरानंतर आमच्या हॉस्टेलच्या कॉरिडॉरमधून फेरी मारलीत तर प्रत्येक खोलीत लॅपटॉप चालू दिसेल. रेक्टर मॅडमना वाटतं, पोरी काय अभ्यास करतायत! मॅडम, माफ करा, पण दुसऱ्या मजल्यावरच्या निदान एका खोलीत तरी सुडोकू चालू असतं. ती खोली माझी.

आधीच सांगते, माझं मराठी कॉन्व्हेंटचं. हा लेख टाइप करताना लॅपटॉप जवळपास प्रत्येक शब्दाखाली लाल रेघ ओढतोय. त्याच्या मते बहुधा अख्खी मराठीच चुकीची आहे! ऱ्हस्व-दीर्घ माझी सांगलीची रूममेट तपासतेय. तेव्हा शुद्धलेखनाचं श्रेय तिला आणि मतांबद्दलच्या शिव्या मला.

तर सुडोकू. ९ ओळी, ९ रांगा, ८१ घरं. प्रत्येक ओळीत, रांगेत आणि ३ बाय ३ च्या चौकोनात १ ते ९ एकेकदाच यायला हवेत. यात गणित शून्य. आकड्यांऐवजी नऊ भाज्यांची चित्रं टाकली तरी चालेल (आमच्या मेसला नऊ वेगवेगळ्या भाज्या सुचतील का, हा प्रश्न वेगळा). नाव जपानी असलं तरी आजच्या रूपातलं हे कोडं पहिल्यांदा छापलं गेलं अमेरिकेत, १९७९ साली. ते हॉवर्ड गार्न्स नावाच्या निवृत्त आर्किटेक्टने बनवलं होतं असं मानतात. १९८४ मध्ये ते जपानला गेलं. १९९७ मध्ये टोकियोच्या एका पुस्तकाच्या दुकानात ते वेन गूल्ड या निवृत्त न्यायाधीशांच्या हाती लागलं. या गृहस्थांनी पुढची सहाएक वर्षं खपून कोडी तयार करणारा कॉम्प्युटर प्रोग्रॅम लिहिला आणि २००४ च्या नोव्हेंबरपासून लंडनच्या 'टाइम्स'मध्ये सुडोकू सुरू झालं. म्हणजे जगाला हे वेड लागलं तेच मुळी प्रोग्रॅममुळे. आपल्या ब्रँचची कॉलर ताठ!

आता मुद्दा. माझ्या गेममध्ये चुकीचा आकडा टाकला की तो लाल होतो. अडलेल्या घरात ४ किंवा ७ येईल एवढं कळलं की मी ४ दाबायचे. लाल? मग ७. पुढे चला. 'हार्ड' लेव्हल अकरा मिनिटांत! दिवाळीत घरी गेले तेव्हा मोठ्या ऐटीत आजोबांना दाखवलं. आजोबा पेपरातलं सुडोकू सोडवतात, तेही बॉलपेनने, आणि अर्धं कोडं खुशाल दुसऱ्या दिवसावर ठेवतात. त्यांनी स्क्रीन जवळ ओढला आणि विचारलं, "हा सात इथं कसा आला गं?"

"चार लाल झाला म्हणून."

आजोबा काही बोलले नाहीत. चष्मा सारखा केला आणि आपला पेपर पुढे ओढला.

हे मी विसरूनही गेले असते. पण त्याच सेमिस्टरला प्रॅक्टिकलला एक्स्टर्नल सरांनी माझ्या प्रोग्रॅममधल्या लूपवर बोट ठेवलं. "इथे 'लहान किंवा समान' का? नुसतं 'लहान' का नाही?" मी म्हटलं, "सर, तसं केल्यावर आउटपुट बरोबर आलं." सर हसले, मार्कही बरे दिले. पण उत्तर तेच होतं हो, दिवाळीतलं! खरं सांगायचं तर मी चिन्हं बदलत गेले होते, आउटपुट जुळेपर्यंत. का जुळलं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

आता कुणी म्हणेल, सुडोकू सोडवणारे प्रोग्रॅमसुद्धा हेच करतात. आपण बॅकट्रॅकिंग शिकतो ना? आकडा टाका, अडलं की मागे या, दुसरा टाका. बरोबर. पण कॉम्प्युटर ते डोळ्याची पापणी लवायच्या आत करतो. मी तेच हाताने करणार म्हणजे त्याची गरीब नक्कल! आणि तिथेही नुसत्या झटापटीने सगळं भागत नाही. १६ आकडे देऊन एकच उत्तर असलेलं सुडोकू बनूच शकत नाही, निदान १७ लागतात, हे २०१२ मध्ये डब्लिनच्या गॅरी मॅग्वायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॉम्प्युटरवर सगळ्या शक्यता तपासून दाखवलं. सुमारे ७० लाख कोअर-तास लागले. पण शोध तेवढ्यावर आणायला आधी माणसांनाच नवी युक्ती शोधावी लागली होती.

मी सेटिंगमध्ये जाऊन लाल आकडा बंद केला. पहिले आठ दिवस एकही कोडं पूर्ण झालं नाही. शेवटी दोन पाच एका ओळीत यायचे आणि चूक कुठे झाली याचा पत्ता नाही. मग हळूहळू दिसायला लागलं. एका ओळीतल्या दोन घरांत फक्त ४ आणि ७ च बसतात. कुठलं कुठे, ते माहीत नाही. पण त्या दोघांनी ४ आणि ७ अडवून ठेवले, म्हणजे त्या ओळीत इतर कुठेही ते येणार नाहीत! म्हणजे जे माहीत नाही त्याच्यावरूनही काहीतरी पक्कं कळतं. हे मला त्या अकरा मिनिटांत कधीच दिसलं नसतं, कारण मी त्या दोन घरांशी थांबतच नव्हते.

रूममेटला हे पटत नाही. तिचं म्हणणं, इंजिनिअरिंग म्हणजेच करून बघणं, आणि सबमिशनच्या आदल्या रात्री तुझं तत्त्वज्ञान कुणाला हवंय? तिचं अर्धं खरं आहे. करून बघावंच. पण 'असं केलं तर असं होईल' हे आधी मनाशी ठरवून करून बघणं वेगळं आणि हिरवी टिक येईपर्यंत दाबत राहणं वेगळं. आता तर एआयला विचारलं की टिकसुद्धा तोच आणून देतो.

म्हणून सर-मॅडम, एक विनंती. प्रॅक्टिकलच्या पहिल्या पंधरा मिनिटांत मशीन बंद ठेवायला सांगा. प्रोग्रॅम कागदावर चालवून आउटपुट लिहून द्यायला सांगा, मगच रन. वर्ग मला मारायला धावेल याची कल्पना आहे.

माझा वेळ आता अकरावरून पन्नास मिनिटांवर गेलाय. परवाचं एक कोडं अजून उघडंच आहे, २३ घरं रिकामी. रूममेट मागून म्हणतेय, "तिसऱ्या ओळीत नऊ टाकून तर बघ." टाकणार नाही.