खालची बारीक ओळ

प्रचाराच्या शेवटच्या चार दिवसांत छापखान्यात एक ठरावीक गिऱ्हाईक येते, तेही शटर ओढायच्या वेळेला. मोबाइलमधली पीडीएफ दाखवते, पाच हजार प्रती सांगते, रोख पैसे टेबलावर ठेवते आणि जाता जाता म्हणते, "खाली प्रेसचं नाव नको बरं का." धाराशिव असो, कळंब असो की उमरगा, आपल्यापैकी अनेकांनी हे वाक्य ऐकलेले आहे.

विरोधकावर टीका छापण्यात गैर काही नाही. कृष्णेचे पाणी कुठवर आले, पीकविम्याचे किती मिळाले, असे विचारणारे पत्रक कितीही बोचरे असो, तो प्रचारच आहे. आचारसंहितेला धोरणांवरची आणि कामगिरीवरची टीका चालते. खासगी आयुष्य आणि खातरजमा न केलेले आरोप चालत नाहीत. उमेदवाराच्या चारित्र्याबद्दल जाणूनबुजून खोटे पसरवले, तर लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३(४) खाली झालेली निवडही रद्द होऊ शकते.

आपल्या धंद्याला थेट लागू होते ते कलम १२७क. निवडणूक पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशक दोघांचे नाव-पत्ते हवेत. प्रकाशकाने सही केलेले, त्याला ओळखणाऱ्या दोघांनी साक्षांकित केलेले घोषणापत्र दोन प्रतींत घ्यायचे. छपाईनंतर त्याची एक प्रत पत्रकासह जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवायची. चुकलात तर सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. एप्रिल २०२४ मध्ये आयोगाने होर्डिंगवरही ही नावे सक्तीची केली. त्यामुळे फ्लेक्सवाल्यांनाही सुटका नाही.

"एवढ्याशा कागदाने काय होतेय?" असे म्हणणाऱ्यांनी आपल्याच जिल्ह्याचे २०२४ चे आकडे पाहावेत. लोकसभेला ओमराजे निंबाळकर ३,२९,८४६ मतांनी निवडून आले. त्याच वर्षी विधानसभेला परंड्यात तानाजी सावंत आणि राहुल मोटे यांच्यात अंतर राहिले १,५०९ मतांचे. तिथे कुणी खोटे छापले, असे आम्ही म्हणत नाही. हिशेब तेवढा मांडतो. ७५५ मतदारांनी मत बदलले असते, तर निकाल फिरला असता. माणशी एक पत्रक धरले, तर दीड रीम कागद.

म्हणून घोषणापत्राचे कोरे नमुने आतापासूनच काउंटरवर ठेवा. त्यावर सही करायला जो कचरतो, त्याची प्लेट काढू नका.