जप्ती म्हणजे सरकारजमा नव्हे



गेल्या रविवारी मिस्सा आटोपल्यावर माझा एक जुना विद्यार्थी चर्चच्या फाटकाशी थांबला. कर्जावर घेतलेला त्याचा ट्रक संत्रा वाहतो, चालवतो ड्रायव्हर. म्हणाला, "सर, उद्या माझ्या गाडीत कोणी गांजा ठेवला, तर गाडी गेलीच समजायची का?" आपल्या पांढुर्णा-सौंसर भागात गाडीवर पोट असलेली घरं पुष्कळ, म्हणून उत्तर सगळ्यांसाठी लिहितो.

पोलिसांनी गाडी ठाण्यात उभी केली, ती झाली जप्ती. ती कायमची सरकारजमा करायची की नाही, हे पोलीस ठरवत नाहीत. १९८५ च्या एनडीपीएस कायद्याच्या कलम ६३ प्रमाणे तो निर्णय न्यायालयाचा. तोही खटल्याच्या शेवटी आणि गाडीवर हक्क सांगणाऱ्याचे ऐकून घेऊन. मात्र आरोपी सुटला म्हणजे गाडी आपोआप सुटली, असे नाही. तिचा निर्णय वेगळा होतो.

खरी अडचण कलम ६० मध्ये आहे. "मला ठाऊक नव्हतं" एवढ्याने भागत नाही. मालकाला, त्याच्या एजंटला आणि गाडी ज्याच्या ताब्यात होती त्याला माहिती नव्हती, त्यांची मिलीभगत नव्हती आणि प्रत्येकाने योग्य ती खबरदारी घेतली होती, हे सारे मालकानेच सिद्ध करायचे असते.

मग खटला संपेपर्यंत गाडी उन्हापावसात गंजू द्यायची? ७ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आसामातील एका ट्रकमालकाच्या प्रकरणात यावर निकाल दिला. हेरॉईन सापडले होते गाडीत बसलेल्या तिऱ्हाईताजवळ. मालक आरोपी नव्हता. खटला चालू असताना गाडी सोडायला या कायद्यात मनाई नाही, असे न्यायालयाने सांगितले आणि अटी घालून ट्रक सोडायला लावला. चोरीला गेलेल्या गाडीतून माल निघाला, तरी ती साधारणपणे सोडावी, असेही म्हटले. पण माल खुद्द मालकाजवळ किंवा त्याच्या ड्रायव्हरजवळ सापडला, तर मालकाने आपली बाजू सिद्ध करेपर्यंत गाडी सहसा मिळत नाही.

माझ्या विद्यार्थ्याची भीती इथेच खरी ठरते. ड्रायव्हर वाईट निघाला, तर प्रामाणिक मालकही त्याच रांगेत उभा राहतो. खटला वर्षानुवर्षे चालतो, बँकेचा हप्ता मात्र थांबत नाही. माझे मत असे, की ज्या मालकावर आरोपच नाही, त्याची बाजू खटल्याच्या सुरुवातीलाच ऐकून निकाली काढावी. निर्दोष ठरल्यावर हाती सांगाडा आला, तर तो कसला न्याय?

घर-शेतीचे प्रकरण निराळे. अमली पदार्थांच्या पैशातून घेतल्याचा संशय असलेली मालमत्ता गोठवण्याचा आदेश सक्षम प्राधिकाऱ्याने ३० दिवसांत कायम केला नाही, तर तो टिकत नाही. पुढे ती सरकारजमा झालीच, तर ४५ दिवसांत अपील करता येते. पैसा कष्टाचा होता हे दाखवायची जबाबदारी इथेही आपलीच.

म्हणून गाडीवाल्यांनो, ड्रायव्हरच्या लायसनची आणि आधारची प्रत घरी ठेवा. प्रत्येक खेपेची बिल्टी जपा. वाटेत सवारी बसवू नको, हे त्याला लेखी द्या. गाडी अडकलीच, तर दलालाच्या मागे न लागता वकिलामार्फत विशेष न्यायालयात अर्ज करा. ऐपत नसेल, तर विधी सेवा प्राधिकरणाकडे जा.

नशेच्या धंद्याची बाजू मी घेत नाही. त्यात बुडालेली पोरं मी वर्गात शिकवली आहेत. पण बायबलातल्या नाबोथावर आधी खोटा आळ आला, मग त्याचा मळा राजाच्या घशात गेला, आणि गावातले वडीलधारेच त्या कटात सामील झाले. आपल्या कायद्याने निदान बोलायची संधी दिली आहे. अशा घरावर वेळ आली, तर त्यांच्याकडे पाठ फिरवू नका. कागद शोधायला, तारखेला सोबत जायला दोन माणसं तरी उभी राहू द्या.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, पांढुर्णा