आधी मसुदा, मग मतदान

ब्रिटनच्या हाउस ऑफ कॉमन्सच्या सदस्यांना खुले पत्र

सन्माननीय सदस्यहो,

युरोपीय महासंघातून बाहेर पडण्यावरून तुमच्या देशात सुरू झालेला वाद २३ जून २०१६ च्या सार्वमताने मिटायचा होता. तो मिटला नाही. इतकी वर्षे लोटली, पाच पंतप्रधान बदलले, प्रत्यक्ष बाहेर पडूनही झाले, तरी घराघरांत, पक्षापक्षांत तो धुमसतोच आहे. ब्रिटनने राहावे की जावे, यावर हे पत्र नाही. ते ठरवणारे तुम्ही. ‘मग बाहेरच्याला काय पडले आहे?’ असे कोणी विचारील, तर उत्तर तुमच्याच कायद्यात आहे. त्या सार्वमतात ब्रिटनमध्ये राहणाऱ्या राष्ट्रकुल देशांच्या नागरिकांना मताचा अधिकार होता. म्हणजे भारतीय पासपोर्टवर लंडनमध्ये राहणारा पुण्याचा अभियंता मतदारयादीत नाव घालून मत देऊ शकत होता आणि त्याच शहरात वर्षानुवर्षे काम करणारी पोलिश परिचारिका देऊ शकत नव्हती. निकालात आमचाही खारीचा वाटा होता. त्या अधिकाराने एक तक्रार मांडतो. तुमच्या देशातले हे भांडण लोकांच्या अडाणीपणातून किंवा वृत्तपत्रांच्या भडकपणातून उपजलेले नाही. त्याचे मूळ तुमच्या सभागृहाने संमत केलेल्या एका कायद्यात आहे.

तो कायदा म्हणजे २०१५ चा युरोपीय महासंघ सार्वमत कायदा. तेव्हाचे पंतप्रधान डेव्हिड कॅमेरन यांनी जानेवारी २०१३ च्या भाषणात सार्वमताचा शब्द दिला, मे २०१५ मध्ये त्यांना बहुमत मिळाले आणि महिन्याभरात विधेयक सभागृहात आले. ९ जूनला दुसऱ्या वाचनाच्या वेळी ५४४ सदस्य बाजूने होते, ५३ विरुद्ध. कायद्यात प्रश्नाचे शब्द होते, मतदान २०१७ संपण्यापूर्वी घ्यायचे ही मुदत होती, मतदार कोण आणि प्रचारात खर्च किती हेही होते. ‘जावे’ असा कौल आला तर पुढे काय, याबद्दल मात्र अवाक्षर नव्हते. निकाल सरकारवर बंधनकारक आहे असे कायदा म्हणत नव्हता. तुमच्याच ग्रंथालयाच्या टिपणात तेव्हा हे स्पष्ट केलेले होते. तरीही पुढच्या एप्रिलमध्ये सरकारने घरोघरी पत्रक पाठवून सांगितले, की तुम्ही ठरवाल ते आम्ही अमलात आणू. काय अमलात आणणार? राहायचे ठरले असते तर उत्तर तयार होते, कारण ती चालू स्थितीच होती आणि कॅमेरन यांनी फेब्रुवारी २०१६ मध्ये ब्रसेल्सहून आणलेल्या सवलती कागदावर होत्या. जायचे ठरले तर काय, याची तयारी करायला प्रशासनाला मनाई होती. तुमच्या परराष्ट्र व्यवहार समितीने जुलै २०१६ मध्ये त्यालाच घोर निष्काळजीपणा म्हटले. समितीचे म्हणणे रास्त होते, पण तिने बोट फक्त सरकारकडे दाखवले. मतपत्रिकेवरचा एक चौकोन भरलेला आणि दुसरा रिकामा, असा कायदा ५४४ जणांनी पुढे जाऊ दिला, ते सभागृहच होते.

ही चूक अजाणतेपणी झाली असे म्हणायलाही जागा नाही, कारण अवघ्या चार वर्षांपूर्वी तुम्ही नेमके उलटे केले होते. मे २०११ मध्ये खासदार निवडण्याची पद्धत बदलण्यावर सार्वमत झाले. त्या वेळच्या कायद्यात नवी पद्धत कलमवार लिहिलेली होती. लोक हो म्हणाले असते तर मंत्र्याने ती कलमे लागू करायची एवढेच उरले असते. सुमारे ६८ टक्के लोक नाही म्हणाले आणि विषय तिथेच संपला; त्यावरून आज कोणी कोणाशी अबोला धरलेला नाही. त्याआधी १९७९ मध्ये स्कॉटलंडला स्वतंत्र विधिमंडळ देण्याचा कायदा संसदेने आधी संपूर्ण मंजूर केला आणि मग लोकांपुढे ठेवला. एकूण मतदारांपैकी ४० टक्क्यांचा होकार हवा, ही त्यातली अट मला मुळीच पटत नाही. घरी बसलेल्यांना विरोधक धरण्याचा तो उफराटा न्याय होता. ५१.६ टक्के मते बाजूने पडूनही त्यापायी ते विधिमंडळ बारगळले. पण मतदार कशावर शिक्का मारतो आहे, याविषयी संदिग्धता नव्हती. आणि १९९८ चा बेलफास्टचा शांतता करार? त्याची प्रत उत्तर आयर्लंडमधल्या प्रत्येक घरी टपालाने गेली, मग मे महिन्यात मतदान झाले. तीस वर्षे रक्त सांडलेल्या भूमीत ७१ टक्के लोकांनी तो कागद मान्य केला. म्हणजे रीत तुम्हाला ठाऊक होती. पद्धत बदलायची तर मसुदा हवा, विधिमंडळ द्यायचे तर मसुदा हवा. फक्त चार दशकांचे व्यापारी, कायदेशीर आणि राजकीय नाते तोडायचे तेव्हा मसुद्याची गरज कोणाला भासली नाही.

रिकाम्या चौकोनात ज्याने त्याने आपापले स्वप्न भरले. कोणाला नॉर्वेसारखे सिंगल मार्केटमध्ये, म्हणजे युरोपच्या एकसंध बाजारपेठेत, राहून फक्त महासंघाच्या राजकारणातून सुटका हवी होती. कोणाला स्थलांतर थांबवायचे होते, कोणाला मासेमारीचे पाणी परत हवे होते, तर कोणाला जगभर मुक्त व्यापार हवा होता. ‘जावे’च्या प्रचारक प्रीती पटेल यांनी तर दक्षिण आशियातून आचारी आणणे सोपे होईल असे सांगून करी हाउसवाल्यांनाही साद घातली. ज्याला स्थलांतर कमी हवे होते आणि ज्याला आचारी हवे होते, ते दोघे एकाच चौकोनात खूण करून बाहेर आले. १ कोटी ७४ लाख मते ‘जावे’ला पडली, १ कोटी ६१ लाख ‘राहावे’ला. ‘जावे’ जिंकले, यात वाद नाही. पण त्या १ कोटी ७४ लाखांत कोणते जाणे जिंकले, हे कोणालाच सांगता येत नव्हते, आणि त्याचा हिशेब २०१९ मध्ये तुमच्याच बाकांवर चुकता झाला. १५ जानेवारीला पंतप्रधान थेरेसा मे यांचा करार ४३२ विरुद्ध २०२ मतांनी फेटाळला गेला. फेटाळणाऱ्यांत तो फार मवाळ आहे म्हणणारे होते, फार कडक आहे म्हणणारे होते आणि जायलाच नको म्हणणारेही होते. २७ मार्चला सभागृहाने स्वतःच आठ पर्याय मतास टाकले, आठही पडले. १ एप्रिलला चार टाकले. तेही पडले, त्यांतला कस्टम्स युनियनचा पर्याय अवघ्या तीन मतांनी. जगाने तेव्हा तुमची टिंगल केली. मला ती अन्यायाची वाटते. आडातच नव्हते, ते पोहऱ्यात येणार कुठून?

मराठी वाचकाला इथे आणखी एक सार्वमत आठवणे स्वाभाविक आहे. गोव्याने महाराष्ट्रात विलीन व्हावे की केंद्रशासित प्रदेश राहावे, यावर १६ जानेवारी १९६७ रोजी जनमत कौल झाला. त्यासाठी भारताच्या संसदेने आदल्या महिन्यात कायदा केला होता. मतपत्रिकेवर विलीनीकरणासाठी फूल आणि वेगळे राहण्यासाठी दोन पाने अशी चिन्हे होती. प्रचार कडवट झाला. भाषा, धर्म, जात सगळे त्यात ओढले गेले. पण दोन्ही पर्याय म्हणजे काय, हे कोणालाही सांगता आले असते, कारण महाराष्ट्र हे राज्य समोर उभे होते आणि केंद्रशासित प्रदेशाचा कारभार लोक रोज अनुभवत होते. शिवाय मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर यांच्या मंत्रिमंडळाने कौल निःपक्षपाती व्हावा म्हणून आधीच राजीनामा दिला होता. १,७२,१९१ विरुद्ध १,३८,१७० मतांनी गोवा वेगळा राहिला. विलीनीकरणाचा आग्रह धरणारे बांदोडकर त्याच वर्षीच्या निवडणुकीत जिंकून पुन्हा मुख्यमंत्री झाले आणि त्यांनी केंद्रशासित गोव्याचाच कारभार चालवला. महाराष्ट्रात हळहळ झाली, अजूनही क्वचित कोणी ती काढतो; पण निकालाचा अर्थ काय, यावर दोन्ही बाजूंना एक दिवसही वाद घालावा लागला नाही. आकाराने ही तुलना विषम आहे हे मान्य. पण हरलेल्या बाजूने निकाल स्वीकारावा असे वाटत असेल, तर आधी जिंकलेल्या बाजूला आपण काय जिंकलो ते ठाऊक असावे लागते.

या म्हणण्यावर पहिला आक्षेप असा, की प्रचारात सगळे स्पष्ट झाले होते: बाहेर पडणे म्हणजे सिंगल मार्केटमधूनही बाहेर पडणे, असे कॅमेरन आणि ‘जावे’चे प्रचारक मायकेल गोव्ह दोघांनीही मतदानापूर्वी सांगितले होते. सांगितले होते, खरे आहे. पण कॅमेरन यांचे म्हणणे ‘हा बागुलबुवा आहे’ म्हणून उडवून लावले जात होते, आणि गोव्ह ज्या प्रचारमंडळाच्या वतीने बोलत होते ते उद्याचे सरकार नव्हते. आठवड्याला ३५ कोटी पौंड ब्रसेल्सला जातात असे बसवर रंगवणाऱ्या त्याच मंडळाचे कोणते वाक्य वचन मानायचे आणि कोणते घोषणा, हे मतदाराने कसे ओळखायचे? शिवाय ‘जावे’च्या बाजूला ते एकटेच मंडळ नव्हते. दूरचित्रवाणीवरची मुलाखत कायद्याच्या कलमाची जागा घेऊ शकत नाही, हे संसदेला तरी समजावून सांगावे लागू नये.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. करार दोन बाजूंनी होतो. युरोप काय देईल हे आधी कळणे शक्य नव्हते, मग मसुदा लिहिणार कसा? उत्तर न्यूझीलंडमध्ये आहे, आणि तिथली संसद तुमच्याच साच्यातून घडलेली आहे. निवडणूक पद्धत बदलायची की नाही आणि बदलायची तर कोणती, असे तिथे १९९२ मध्ये आधी विचारले गेले. कल कळल्यावर संसदेने नव्या पद्धतीचा पूर्ण कायदा केला आणि १९९३ मध्ये जुनी पद्धत विरुद्ध लिहिलेली नवी पद्धत असे बंधनकारक मतदान घेतले. तुम्हालाही हे दोन टप्पे २०१५ च्या कायद्यातच लिहिता आले असते: पहिला कौल वाटाघाटींच्या परवानगीचा, दुसरा हाती आलेल्या कराराचा. दुसऱ्या मतदानाची मागणी पुढे झालीच, पण ती निकालानंतर आणि हरलेल्यांकडून. त्यामुळे ती रडीचा डाव वाटली, आणि तसे वाटणाऱ्यांना दोष देता येत नाही. नियम खेळाआधी ठरवायचे असतात. ते आधी ठरले असते तर दुसरे मतदान ही सर्वांना मान्य वाट राहिली असती.

तिसरे म्हणणे असे, की डिसेंबर २०१९ च्या निवडणुकीने उणीव भरून काढली. पंतप्रधान बोरिस जॉन्सन तयार करार घेऊन लोकांकडे गेले आणि ८० चे बहुमत घेऊन आले. यात तथ्य आहे. पण तो करार माघारीचा होता. पुढचे व्यापारी नाते ठरवणारा करार २४ डिसेंबर २०२० रोजी झाला आणि ३० डिसेंबरला तुम्ही तो एका दिवसात मंजूर केला. देशाच्या जवळपास अर्ध्या व्यापाराचे नियम बदलणाऱ्या त्या जाडजूड दस्तऐवजाला तुम्ही दिलेला वेळ एखाद्या साध्या विधेयकालाही कमी पडला असता.

हे सगळे हरलेल्यांचे वकीलपत्र आहे, असे कोणी म्हणेल. तसे ते नाही, कारण फसवले गेल्याची भावना जिंकलेल्यांतही तेवढीच आहे. तुमची अर्थसंकल्प जबाबदारी संस्था म्हणते, की बाहेर पडल्यामुळे दीर्घकाळात उत्पादकता सुमारे ४ टक्क्यांनी कमी राहील. दुसरीकडे, महासंघात असताना जो तुम्हाला करता आला नसता तो भारताशी व्यापार करार जुलै २०२५ मध्ये झाला; त्यात स्कॉच व्हिस्कीवरचे १५० टक्के आयातशुल्क आधी निम्मे आणि दहा वर्षांत ४० टक्क्यांवर येणार आहे. आमच्या निर्यातदारांना तो हवाच होता. पण तुमच्याच सरकारच्या हिशेबाने त्यातून दीर्घकाळात मिळणारी वाढ वर्षाला ४.८ अब्ज पौंडांची, म्हणजे राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे ०.१३ टक्के. कोणी म्हणेल, स्वतःचे व्यापार धोरण ठरवण्याच्या हक्कासाठी एवढा तोटा सोसायला आम्ही तयार आहोत. ते सन्माननीय मत आहे. माझा मुद्दा एवढाच, की हा सौदा सौदा म्हणून मतदारापुढे कधी ठेवलाच गेला नाही. ‘जावे’वाल्यांनाही आपली किंमत मोजून घ्यायची संधी तुम्ही दिली नाहीत.

हे जुने उकरून काढायचे कारण पुढे आहे. पुन्हा महासंघात जाण्याची मागणी आज ना उद्या मतपेटीपर्यंत येईल आणि ‘परत जावे का?’ हा प्रश्न २०१६ इतकाच पोकळ असू शकतो, कारण परतीच्या अटी जुन्या नसतील. पण त्याहून निकडीची गोष्ट तुमच्या कायद्याच्या पुस्तकात आधीच लिहिलेली आहे. १९९८ च्या उत्तर आयर्लंड कायद्यानुसार, तिथल्या बहुसंख्यांना संयुक्त आयर्लंड हवे असावे असे मंत्र्याला वाटले, तर त्याने मतदान घ्यायचे आहे. आणि कौल तसा आला, तर दोन्ही सरकारांत जे ठरेल ते प्रस्ताव संसदेपुढे मांडायचे आहेत. म्हणजे आधी मतदान, मग मसुदा. क्रम पुन्हा तोच. निवृत्तिवेतन कोण देणार, आरोग्यसेवा कोणाची, चलन कोणते, स्वतःला ब्रिटिश म्हणवणाऱ्यांचे नागरिकत्व आणि हक्क कोणते, यांतले काहीही मतदाराच्या हाती असणे त्या कायद्याला आवश्यक वाटत नाही. ते मतदान कधी होईल, होईल की नाही, हे सांगता येत नाही, आणि म्हणूनच आज कोणाच्याही जयपराजयाची भीती न बाळगता ते कलम दुरुस्त करता येईल. प्रस्ताव आधी प्रसिद्ध करावेत, त्यांची प्रत १९९८ प्रमाणे घरोघरी जावी आणि मगच तारीख ठरावी, एवढी दुरुस्ती या सभागृहाने करावी, अशी विनंती आहे.

कळावे,
एक मराठी पत्रलेखक