दोन आठवड्यांचे पुण्य

गेल्या महिन्यात आमच्या गावी एक निरोपसमारंभ झाला. माझ्या हाताखाली पाटी गिरवलेली एक मुलगी आता डॉक्टर झाली आहे. ती आणि तिचे तीन सोबती दिवाळी आटोपताच मादागास्कर बेटावर दोन आठवडे रुग्णसेवेला निघणार होते. शाळेच्या पटांगणात मांडव पडला. हार आले, पेढे आले. घरोघर हिंडून जमवलेल्या औषधांची दोन पोती व्यासपीठाशेजारी उभी करून ठेवली होती. मला दोन शब्द बोलायला सांगितले. मी उठलो नि विचारले, “या पोत्यांतली औषधे कोणी तपासून पाहिली आहेत काय?”

मांडव गप्प झाला. दुसऱ्या दिवशी चावडीवर निकाल लागला : मास्तरांना दुसऱ्याचे चांगले बघवत नाही.

वाचकहो, हा निकाल मी मान्य करायला तयार आहे. पण आधी माझी बाजू ऐकून घ्या. माझे शिक्षण मॅट्रिकचे. वैद्यकातले मला फारसे कळत नाही. परंतु तयारी न करता वर्गात शिरणारा मास्तर मुलांचे किती नुकसान करतो, हे मी वीस वर्षे पाहत आलो आहे, नि त्यात माझेही काही तास जमेस धरावे लागतील. मुलांचा एक तास बुडतो. रुग्णाचे काय बुडते, याचा हिशेब त्या मांडवात कोणी केला होता?

पहिली गोष्ट पोत्यांची. रुग्णांनी उरवलेली औषधे दान म्हणून पाठवू नयेत, पाठवाल ती मुदतीतली असावीत, आणि त्यांवरची अक्षरे तिथल्या वैद्यांना वाचता यावीत, असे जागतिक आरोग्य संघटनेने १९९६ सालीच सांगून ठेवले आहे. तरी २००४ च्या डिसेंबरात सुमात्रा बेटावरच्या आचे प्रांतावर समुद्र चढून आला, तेव्हा जगाने तिथे सुमारे ४००० टन औषधे ओतली. त्यांतली कितीतरी तिथे वापरातच नव्हती, बहुतेकांवरची अक्षरे तिथल्या लोकांना कळत नव्हती. ज्यांची घरे वाहून गेली, त्यांच्याच माथी ती निवडण्याचे आणि जाळण्यापुरण्याचे काम आले. याला दान म्हणावे की आपल्या माळ्यावरची साफसफाई?

दुसरी गोष्ट याहून कठीण आहे. कॅरिबियन समुद्रात एका बेटाच्या पश्चिम भागात हैती नावाचा गरीब देश आहे. २०१० च्या जानेवारीत तिथे प्रचंड भूकंप झाला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात तिथे पटकी आली. निदान शंभर वर्षे ती त्या भूमीला ठाऊक नव्हती. ती आणली कोणी? संयुक्त राष्ट्रसंघाच्या शांतिसैनिकांच्या छावणीतली घाण आर्तिबोनीत नदीला मिळणाऱ्या ओढ्यात गेली, आणि त्या नदीचे पाणी लोक पीत होते. आठ लाखांहून अधिक माणसे आजारी पडली, दहा हजारांच्या आसपास दगावली. राष्ट्रसंघाच्या सरचिटणीसांनी हैतीच्या जनतेची क्षमा मागितली ती २०१६ च्या डिसेंबरात. ते सैनिक डॉक्टर नव्हते हे खरे. पण तेही मदतीलाच गेले होते, आणि त्यांच्यांतल्या कोणाच्या मनात पाप नव्हते. माझा मुद्दा तोच आहे. जंतू मनातला हेतू विचारून आत शिरत नाही.

आता मादागास्करकडे वळू. आपली दिवाळी सरते तेव्हा तिकडे पावसाळा सुरू होतो. पावसाबरोबर हिवताप वाढतो, पुढे वादळांचे दिवस येतात. हिवतापावर आपल्या वडीलधाऱ्यांना पाठ असलेली क्लोरोक्विन तिथे भरवशाची नाही. दुसरी गोळी घ्यावी लागते. ती निघण्यापूर्वी सुरू करायची आणि त्यांतली एखादी परतल्यावरही चार आठवडे चालू ठेवायची असते. २०१८-१९ मध्ये त्या बेटावर गोवराची साथ आली, एक लाखाहून अधिक लोकांना गोवर झाला. पाहुण्याने आपली लस झाली आहे की नाही हे न पाहता तिथल्या लेकरांत मिसळावे काय? बेटावरचे लोक मालागासी बोलतात. कचेरीत फ्रेंच चालते. गावोगावी ‘फादी’ म्हणून निषेध पाळतात, आणि एका गावचा निषेध दुसऱ्या गावी नसतो. सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या आपल्याला हे वेगळे समजावून सांगायला नको. “कुठे दुखते?” हे ज्याला रोग्याच्या भाषेत विचारता येत नाही, त्याने दुभाष्याची सोय तरी करून जावे.

कोणी म्हणेल, “मास्तर, असा विचार करीत बसले असते तर सोलापूरचे डॉक्टर कोटणीस चीनला गेलेच नसते.” फार चांगले नाव घेतलेत! कोटणीस १९३८ साली गेले. ते चिनी भाषा शिकले, त्या भाषेत त्यांनी शिकवले, बेथ्यून रुग्णालयाचा भार वाहिला, आणि १९४२ साली तिथेच देह ठेवला. दोन आठवड्यांनी हार घालून घ्यायला ते परत आले नाहीत. त्यांचे नाव सर्वांनी घ्यावे; पण घेणाऱ्याने त्यांची भाषेची वहीही डोळ्यांपुढे ठेवावी.

समारंभाच्या तिसऱ्या दिवशी ती मुलगी घरी आली. मला वाटले, रागावली असेल. तिने दोन्ही पोती माझ्या ओसरीवर रिकामी केली. अर्धवट खोकल्याच्या बाटल्या, कापलेल्या पाकिटांतल्या नाव-तारीख नसलेल्या गोळ्या, कोणाच्या तरी मयत आजोबांची रक्तदाबाची औषधे! दिवेलागणीपर्यंत आम्ही निवडत होतो. शेवटी कामाचे उरले ते पायताणाच्या एका खोक्यात मावले.

“गुरुजी, मग नेऊ तरी काय?” तिने विचारले.

मी म्हटले, “आधी तिथल्या डॉक्टरांना पत्र घाल. त्यांना काय हवे ते विचार. तुम्ही परतल्यावर त्या रोग्यांकडे कोण पाहणार, हेही विचार. तिथल्या सरकारची परवानगी घे, लसी घे, शंभर शब्द पाठ कर. आणि चौघांच्या तिकिटांचे पैसे तिथल्या एखाद्या परिचारिकेच्या पगाराला अधिक उपयोगी पडतील असे उत्तर आले, तर तेही ऐकण्याची तयारी ठेव.”

ती बराच वेळ बोलली नाही. डोळे भरले होते, ते मी पाहिले नाही असे दाखवले. उठताना म्हणाली, “पत्र आजच घालते.”

उत्तर अजून यायचे आहे. प्रवास तूर्त पुढे ढकलला आहे. मास्तरांनी पोरीच्या पुण्यात माती कालवली, असे गाव म्हणते. म्हणो बापडे. हार सुकले त्याचे मला दुःख नाही; पत्र गेले याचे समाधान आहे.