विश्लेषण : डुकराच्या पिल्लांची हगवण ‘चांगल्या जिवाणूं’नी थांबते का?

यवतमाळसारख्या कापसावर विसंबलेल्या जिल्ह्यात वराहपालन हा जोडधंद्याचा एक पर्याय आहे. राष्ट्रीय पशुधन अभियानातून त्यासाठी ५० टक्के भांडवली अनुदानाची तरतूद आहे. मात्र नफा-तोटा ठरतो तो किती पिल्ले जगतात यावर. त्यांचा मोठा शत्रू म्हणजे हगवण.

पिल्ले आजारी का पडतात?

डुकरात आईची प्रतिपिंडे नाळेतून गर्भापर्यंत पोहोचत नाहीत. ती पिल्लाला जन्मानंतर चिकातून मिळतात. साधारण २४ ते ३६ तासांनी आतडे ती रक्तात शोषणे थांबवते. पुढे फार्मवर तीन-चार आठवड्यांत दूध तोडले जाते. दुधातले संरक्षण संपते, खाद्य बदलते आणि पिल्लाची स्वतःची प्रतिकारशक्ती अजून कच्ची असते. याच वेळी ई. कोलाय जिवाणू डाव साधतो.

अँटिबायोटिक का नको?

खाद्यातून सरसकट अँटिबायोटिक दिल्याने औषधांना दाद न देणारे जिवाणू तयार होतात. कोलिस्टिन हे माणसांसाठी अखेरच्या पर्यायांपैकी एक औषध. म्हणूनच केंद्राने २०१९ मध्ये खाद्यासाठी पाळलेल्या जनावरांकरिता त्यावर बंदी घातली. युरोपीय संघाने वाढीसाठी अँटिबायोटिक देणे २००६ पासूनच बंद केले.

प्रोबायोटिक काय करतात?

दही लावणाऱ्या जिवाणूंचे भाऊबंद असलेले लॅक्टोबॅसिलस लॅक्टिक आम्ल तयार करतात, ते घातक जिवाणूंना मानवत नाही. आतड्याच्या अस्तरावरची जागा आणि अन्न यांसाठीही ते स्पर्धा करतात. काही प्रकार अस्तराच्या पेशींमधील जोड घट्ट ठेवतात आणि ‘आयजीए’ प्रतिपिंडांची निर्मिती वाढवतात. प्रतिकार पेशींना शत्रू-मित्र ओळखायलाही त्यांची मदत होते.

मग पुडी आणली की झाले?

नाही. परिणाम जिवाणूच्या नेमक्या वाणावर, मात्रेवर आणि वेळेवर अवलंबून असतो. प्रयोगांचे निष्कर्षही सारखे नाहीत. शिवाय प्रोबायोटिक जिवंत असले तरच उपयोगी. विदर्भात उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलेल्या पुडीतले लॅक्टोबॅसिलस मरू शकतात. बॅसिलस सबटिलिसचे बीजाणू मात्र उष्णता बरीच सोसतात. त्यामुळे पुडी घेताना वाण, जिवंत जिवाणूंची संख्या, मुदत आणि साठवणुकीचे तापमान पाहावे.

प्रोबायोटिक चिकाची जागा घेत नाही. पहिल्या काही तासांत पोटभर चीक, कोरडी-उबदार जागा, स्वच्छ पाणी आणि खाद्यात हळूहळू बदल हा पाया आहे. तो कच्चा असेल, तर महागडी पुडीही वाया जाते. हगवण लागलीच, तर पशुवैद्यकाला दाखवूनच औषध द्यावे.